चार झिजलेली बटणं

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या गाडीवाल्यांच्या खिशात किल्ली, रुमाल आणि पाकिटासोबत आणखी एक वस्तू असायची. अंगठ्याएवढा, काळ्या बेकेलाइटचा, वर पितळेची पट्टी बसवलेला एक तुकडा. त्याचं नाव रोटर आर्म. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य कसंबसं परत आलं होतं, फ्रान्स पडलं होतं आणि जर्मन फौजा कुठल्याही रात्री उतरतील अशी धास्ती होती. रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या उखडून ठेवल्या गेल्या, स्टेशनांची नावं पुसली गेली. त्याच सपाट्यात गाडीवाल्यांनाही हुकूम निघाला: गाडी सोडून जाणार असाल तर ती चालू होणार नाही अशी करून जा. छत्रीने उतरलेल्या शत्रूच्या सैनिकाला आयती गाडी मिळता कामा नये. हुकूम न पाळणाऱ्याला दंड होत असे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं आणि आतला रोटर आर्म उपटून खिशात टाकायचा. पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पाळीपाळीने पोचवण्याचं काम हा तुकडा करतो. तो नसला की स्टार्टर कितीही फिरवा, इंजिन पेट घेत नाही. इंग्रजीत ह्या सक्तीसाठी जे क्रियापद वापरलं गेलं, त्यातूनच पुढे ‘इमोबिलायझर’ हा शब्द रुळला. किल्ली माणसाला गाडीत शिरू देते किंवा देत नाही. इमोबिलायझरचं तत्त्व वेगळं आहे: शिर बाबा आत, बस, स्टिअरिंग धर, पण गाडी जागची हलणार नाही.

मला ह्या इतिहासात ओढलं ते लेस्टरमधल्या एका गाडीने. मी मेकॅनिक नाही. जुनी यंत्रं कशी चालायची आणि का बंद पडली हे शोधत बसण्याची खोड आहे, आणि घरी मल्टिमीटर आहे, एवढंच. आमच्या गल्लीत एक काका राहतात. मूळचे सांगलीचे, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून आयुष्य गेलं. काकांनी लायसन्स काढलं होतं, पण ते गाडी कधी चालवत नसत. गाडी काकूंची. १९९६ साली कोरी घेतलेली, डिझेलची, गडद हिरवी. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून गाडी घराशेजारच्या फरसबंदीवर उभी होती.

आता काका घर विकून मुलीकडे निघाले होते. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता आणि गाडी ओढून न्यायला तो महिनाअखेर येणार होता. दुसरीकडे, अशा जुन्या गाड्या जपणारं एक तरुण जोडपं ती विकत घ्यायला तयार होतं, पण त्यांची अट होती की इंजिन चालू झालेलं बघायचं. आणि गाडी चालू होत नव्हती. गिअरच्या पुढे एक छोटा कीपॅड होता, दहा आकडे आणि दोन दिवे. त्यात चार आकडी कोड घातल्याशिवाय इंजिनाला डिझेल मिळत नाही. तो कोड फक्त काकूंना माहीत होता.

“कागदावर लिहून ठेवला नव्हता?” मी विचारलं.

“लिहून ठेवायचा नाही असं पुस्तकात लिहिलंय म्हणाली होती,” काका म्हणाले. “आणि ती पुस्तकात लिहिलेलं ऐकायची. एवढं एकच कोणाचं तरी ऐकायची.”

एका डीलरकडे चौकशी केली. इतक्या जुन्या गाडीच्या कोडची नोंद आता मिळणार नाही, कीपॅड, त्यामागचा डबा आणि इंजिनाजवळचा डबा असे तीनही भाग बदला, असा सल्ला मिळाला. भागांची किंमत गाडीच्या किमतीच्या वर जात होती, आणि ते नवीन मिळतही नव्हते. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. अठ्ठावीस वर्षांचा गंज आणि एका माणसाचं जाणं, ह्याचं खापर कुठल्या कंपनीवर फोडणार?

आता हा कीपॅड आला कुठून ते बघू. गाडीत बसवलेलं कुलूप ही तशी जुनी गोष्ट आहे, पण चोरीचे आकडे खरोखर हलवणारं पहिलं कुलूप म्हणजे स्टिअरिंग लॉक. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सक्तीचं केलं, आणि नुसतं नव्या गाड्यांना नाही, तर रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांना. तिथली चोरी घसरली आणि बराच काळ खालीच राहिली. ब्रिटनने १९७१ मध्ये सक्ती केली ती मात्र फक्त नव्या गाड्यांना. परिणाम काय झाला? ब्रिटिश गृहखात्याच्या १९७६ च्या एका अभ्यासात दिसलं की लंडनमध्ये नव्या गाड्यांची चोरी कमी झाली आणि जुन्या गाड्यांची वाढली. चोर सुधारले नव्हते, त्यांनी फक्त मॉडेल बदललं होतं. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तो पुन्हापुन्हा खरा ठरत आला आहे.

शिवाय स्टिअरिंग लॉक म्हणजे शेवटी एक लोखंडी खुंटी. जोर लावून स्टिअरिंग हिसकलं की ती तुटते. मग स्विचचं कव्हर फोडायचं आणि वायरी जोडायच्या. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमधल्या पोरांना हे काम मिनिटाभरात जमू लागलं. विकण्यासाठी चोरणारे वेगळेच होते. ही पोरं फिरवण्यासाठी चोरायची. त्यासाठी कायद्यातल्या शब्दांवरून एक लघुरूपच तयार झालं, ‘ट्वॉक’: मालकाच्या संमतीविना नेणे. छोट्या पण ताकदवान हॅचबॅक गाड्या रात्री उचलायच्या, वस्तीतल्या रस्त्यावर गरागरा फिरवायच्या आणि शेवटी पेटवून द्यायच्या. सप्टेंबर १९९१ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत ह्यावरून पोलीस आणि पोरांत धुमश्चक्री झाली. त्याच महिन्यात उत्तरेत नॉर्थ शील्ड्सच्या मेडो वेल वस्तीत, चोरलेल्या गाडीचा पोलीस पाठलाग करत असताना दोन तरुण मेले आणि दंगल उसळली. १९९२ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. ते वर्ष सरकारने गाडीचोरी प्रतिबंधाचं वर्ष म्हणून साजरं केलं, टीव्हीवर चोरांच्या जागी तरस दाखवणारी जाहिरात आली. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या सुमाराला वर्षाला जवळजवळ सहा लाख गाड्या चोरीला जात होत्या.

काकूंची आधीची गाडी ह्या सहा लाखांच्या लाटेतच गेली. १९९४ मध्ये, रात्री, घरासमोरून. चार दिवसांनी गावाबाहेरच्या शेतात सापडली, जळून कोळसा झालेली. डिकीत काकूंची शिवणाची पेटी होती, तीही गेली. काका त्या काळात अपघात विभागात रात्रपाळ्या करत. “चोरलेल्या गाडीतून आलेली पोरं टाके घालताना रडायची,” ते म्हणाले. “सोळा-सतरा वर्षांची. हिला सांगितलं तर म्हणायची, रडू देत, माझी गाडी त्यांनीच जाळली असेल.”

सरकारपेक्षा जास्त वजन पडलं ते विमा कंपन्यांचं. नुकसानभरपाईचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते. बर्कशरमधल्या थॅचम इथे विमा कंपन्यांचं स्वतःचं संशोधन केंद्र आहे. तिथे नव्वदीच्या सुरुवातीला गाड्यांच्या सुरक्षेचे निकष ठरले. इमोबिलायझरने किमान दोन सर्किट तोडली पाहिजेत, आणि तो आपोआप चालू झाला पाहिजे. मालकाने आठवणीने बटण दाबायचं, ही भानगडच नको. १९४० च्या रोटर आर्मची अडचण नेमकी तीच होती: पावसात बॉनेट उघडण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? गृहखात्यानेही १९९२ मध्ये कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या चोरीला जातात त्याची यादी छापली. आपलं मॉडेल त्या यादीत वर आलं की कंपनीची लाज निघायची.

कंपन्यांनी मग घाईघाईने वेगवेगळे मार्ग काढले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटपासून किल्लीत एक रेझिस्टर बसवला होता. गाडी त्याचा रोध मोजायची आणि जुळला तरच चालू व्हायची. पण एकूण प्रकार होते पंधराच, म्हणजे पंधरा किल्ल्यांचा जुडगा असलेला चोर राजा. सित्रोएन, प्यूजो ह्या फ्रेंच कंपन्यांनी नव्वदीच्या पूर्वार्धात निवडला तो मार्ग म्हणजे कीपॅड. त्याच्याशी फोर्डच्या जुन्या कीपॅडची गल्लत करू नका. फोर्डने अमेरिकेत १९८० पासून दारावर बटणं दिली होती, पण त्यांनी फक्त दार उघडायचं. फ्रेंच कीपॅड डॅशबोर्डवर होता आणि त्याचा संबंध थेट इंजिनाशी.

पेट्रोल गाडीत हे सोपं आहे. ठिणगी आणि इंजेक्शन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरलाच सांगायचं की कोड येईपर्यंत गप्प बस. डिझेलची गोष्ट निराळी. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापते की डिझेल फवारताच पेटतं. त्या काळचे डिझेल पंप पूर्ण यांत्रिक होते. विजेचा संबंध एकाच ठिकाणी, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडशी. त्याला बारा व्होल्ट दिले की तो आतली पिन ओढून घेतो आणि डिझेलची वाट मोकळी होते, वीज बंद केली की वाट बंद. म्हणजे चोराला बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत हातभर वायर पुरे. हे ओळखून कंपन्यांनी सोलेनॉइडवरच एक इलेक्ट्रॉनिक डबा बसवला आणि त्यावर पोलादी चिलखत चढवलं. त्या चिलखताच्या बोल्टची डोकी आवळताना मुद्दाम तुटून जातात, म्हणजे नंतर पाना लावायला जागाच राहत नाही. कीपॅडवर बरोबर कोड आला की त्या डब्याला निरोप जातो आणि मग तो सोलेनॉइडला वीज सोडतो.

एवढं समजलं की गाडी का चालू होत नाही हे शोधणं बरंचसं ऐकण्याचं काम होतं. काकांच्या गाडीत पहिल्या दिवशी किल्ली फिरवली तर कीपॅडचे दिवे मिणमिणले आणि विझले. अशा वेळी लोक लगेच कोडला किंवा कीपॅडला दोष देतात. आधी बॅटरी बघावी. धड बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि स्टार्टर फिरताना दहाच्या आसपास टिकून राहते. काकांची बॅटरी उभ्यानेच ११.४ दाखवत होती आणि स्टार्टर लावला की सातवर आदळत होती. एवढ्या कमी व्होल्टेजवर इलेक्ट्रॉनिक डबा गोंधळतो, बरोबर दिलेला कोडसुद्धा विसरतो. त्यामुळे अनेक गाड्यांमध्ये इमोबिलायझर बिघडल्यासारखा वाटतो आणि खरा रोग बॅटरीचा निघतो.

नवी बॅटरी घातली. स्टार्टर जोरात फिरू लागला, लाल दिवा स्थिर झाला. आता गाडी शुद्धीवर होती आणि कोड मागत होती.

कीपॅड बाहेर काढून मागून काही खटपट करता येईल का, हा विचार डोक्यात येतोच. उपयोग नाही. कोड कीपॅडमध्ये नसतोच. कीपॅड फक्त आकडे पुढे पाठवतो, तपासणारा डबा आत कुठेतरी असतो. हे ठरवणाऱ्या इंजिनियरला मी मनातल्या मनात नमस्कार केला आणि मनातल्या मनातच शिव्याही घातल्या.

मग टॉर्च तिरपा धरून बटणं पाहिली. दहापैकी सहा बटणांचा रबर खरखरीत, आकडे पांढरेशुभ्र. चार बटणं मात्र गुळगुळीत, चकाकणारी, आकड्यांच्या कडा पुसट झालेली. सव्वीस वर्षं रोज दोन-चारदा एकच बोट त्यांच्यावर पडलं होतं.

इथे थोडं गणित करू या, कारण ह्या कुलपाचं सगळं बळ आणि सगळा दुबळेपणा त्यात आहे. चार आकडी कोड एकूण दहा हजार. तीनदा चुकलात की हा कीपॅड पंधरा मिनिटं तोंड फिरवून बसतो. म्हणजे तासाला बारा प्रयत्न. दहा हजार कोड तपासायला आठशे तेहतीस तास, म्हणजे रात्रंदिवस बसलात तरी जवळजवळ पस्तीस दिवस. चोर इतका वेळ बसत नाही. पण झिजलेली बटणं बरोबर चार असतील, तर कोडात ते चारच आकडे आहेत आणि प्रत्येक एकदाच आलाय. त्यांचे क्रम फक्त चोवीस. तीन-तीनचे आठ फेरे, मधली विश्रांती धरून दोन तासांच्या आत काम. पस्तीस दिवसांचे दोन तास झाले, नुसत्या झिजेने. गंमत म्हणजे तीनच बटणं झिजलेली असती तर काम वाढलं असतं. एक आकडा दोनदा आला असता, पण कुठला ते कळलं नसतं, म्हणून क्रम छत्तीस. कोडात एक आकडा दोनदा घालणाऱ्याचं कुलूप थोडं अधिक मजबूत, हे त्या काळच्या किती मालकांना ठाऊक होतं कोण जाणे. बऱ्याच जणांनी तर कोडच्या जागी जन्मसाल टाकलेलं असायचं.

कोणी म्हणेल, असं जाहीर लिहून चोरांना शिकवताय. पण अशा गाड्या आता चोरायला कोणी येत नाही, आणि चोराला गाडीत बसल्या बसल्या चहा आणून देणारे काकाही भेटत नाहीत.

आम्ही वहीत चोवीस ओळी लिहिल्या आणि एका शनिवारी बसलो. तीन प्रयत्न, लाल दिवा, पंधरा मिनिटं. काका पहिल्या तीन विश्रांत्यांमध्ये शेजारच्या सीटवर गप्प होते. चौथ्यात म्हणाले, “मी ह्या सीटवर बसायचो तेव्हा ती कोड घालताना हात आड धरायची. नवऱ्यापासूनसुद्धा. मला तेव्हा हसू यायचं.” मी विचारलं, राग नाही यायचा? “शिवणाची पेटी गेल्यावर ती कोणावरच विश्वास ठेवेना,” काका म्हणाले. “तू पुढचा नंबर घाल.”

सतराव्या प्रयत्नाला हिरवा दिवा लागला. आकडा इथे लिहीत नाही. काकांनी तो बराच वेळ वहीत बघितला. लग्नाचं साल, वाढदिवस, सांगलीच्या घराचा नंबर, मुलीची जन्मवेळ, काहीच जुळेना. काकूंनी तो असाच निवडला असावा. पुस्तकात बहुधा तसंही लिहिलं असेल, अंदाज येणार नाही असा आकडा घ्या.

आणि इंजिन तरीही लागलं नाही. हिरवा दिवा लागलेला, स्टार्टर फिरतोय, धूरसुद्धा नाही. इथे कान उपयोगी पडतो. मी पंपाजवळ वाकलो आणि काकांना किल्ली फिरवून कोड घालायला सांगितलं. सोलेनॉइडने पिन ओढली की स्पष्ट ‘टक’ असा आवाज यायला हवा. आला नाही. म्हणजे कीपॅड समाधानी होता, पण पंपावरच्या डब्यापर्यंत निरोप तरी पोचत नव्हता किंवा डब्यालाच वीज मिळत नव्हती. वीज येत होती, परतीची वाट खराब होती: डब्याची अर्थची वायर जिथे बोल्टने बॉडीला धरली होती, तिथे हिरवट पांढरा गंज जमला होता. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते असं वायरींत घुसतं. बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. किल्ली, चार आकडे, ‘टक’. मग दोन-तीन फिरक्यांनंतर इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडू लागलं. काकांनी खिडकीची काच खाली केली आणि वर केली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते जोडपं गाडी चालवत घेऊन गेलं.

त्या शनिवारनंतर मला एका गोष्टीचा विचार सोडेना. इमोबिलायझर मालकाला ओळखत नाही, तो फक्त एक पुरावा ओळखतो, आणि पुरावा माणसापासून सुटा होऊ शकतो. चोर कंटाळून निघून जातात, मॉडेल जुनं होतं, कंपनी त्या भागांचं उत्पादन थांबवते, पण कुलूप तसंच जागं राहतं. शेवटी अडवण्यासाठी त्याच्यासमोर मालकच उरतो. तुमच्या हातातल्या फोनमध्ये हेच आहे. आयफोनला २०१३ पासून असं कुलूप आहे की पुसून टाकला तरी मूळ खात्याशिवाय तो चालू होत नाही, अँड्रॉइडमध्येही २०१५ च्या सुमाराला तसंच आलं. ह्याने फोन चोरण्यात पूर्वीइतका अर्थ उरला नाही, हे चांगलंच झालं. पण घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या फोनपाशी बसून एकेक आकडा आठवून पाहणारी कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. तिथे तर काचेवर बटणं झिजतही नाहीत.

कीपॅडचं राज्य मात्र अल्पायुषी ठरलं. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशामुळे ऑक्टोबर १९९८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्या निर्देशात कीपॅडलाही परवानगी होती, किमान दहा हजार कोड शक्य असतील तर. पण लोकांना प्रत्येक वेळी चार बटणं दाबण्याचा कंटाळा होता. काही गाड्यांत गॅरेजसाठी कोड तात्पुरता बंद ठेवण्याची सोय होती, अनेक मालक ती कायमचीच बंद ठेवत. तोवर किल्लीच्या प्लास्टिकमध्ये बसणारी चिप आली होती. तिला बॅटरी लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती गुंडाळलेल्या तारेतूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक किंवा एखाद्या कोड्याचं उत्तर परत पाठवते. मालकाला काही लक्षात ठेवायला नको. दोन-तीन वर्षांत कीपॅड नव्या गाड्यांतून जवळजवळ नाहीसे झाले.

सक्तीचा उपयोग झाला का? झाला. नेदरलँड्समधल्या गाड्यांचा अभ्यास करून व्हान आउर्स आणि व्होलार्ड ह्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की १९९५ ते २००८ ह्या काळात सक्तीमुळे गाडीचोरी सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. गुन्हा कमी करण्याचा इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय विरळाच. आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधी लोकांनी सीटखाली लपवलेला स्विच आणि गिअर लॉक असले घरगुती इमोबिलायझर लावले होते, त्यांची मोजदाद कोणी केली असती तर मजा आली असती.

पण चोर पुन्हा सरकले. वायरी जोडून गाडी नेता येईना, तेव्हा ब्रिटनमध्ये घरं फोडून नुसत्या किल्ल्या चोरण्याचे प्रकार वाढले. दुसरीकडे चिपमधली गुपितं बाहेर येऊ लागली. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा कोड फोडून दाखवला. २०१३ मध्ये अशाच दुसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. तो निबंध दोन वर्षांनी, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दहा मॉडेल्सवर दाखवलं की खिशातल्या किल्लीचा सिग्नल मध्ये दोन यंत्रं धरून लांबवता येतो आणि किल्लीला हात न लावता गाडी नेता येते. तेव्हा काही कंपन्यांना पुन्हा माणसाच्या डोक्यातल्या आकड्याची आठवण झाली. टेस्लाने २०१८ मध्ये पडद्यावर चार आकडी पिन घातल्याशिवाय गाडी हलणार नाही अशी सोय दिली. बाहेरून बसवायचे काही इमोबिलायझर तर आता स्टिअरिंगवरची नेहमीचीच बटणं तुम्ही ठरवलेल्या क्रमाने दाबायला लावतात.

अमेरिकेने मात्र इमोबिलायझर कधीच सक्तीचा केला नाही. शेजारच्या कॅनडात तो सप्टेंबर २००७ पासून आहे. २०१५ च्या मॉडेल्सचा हिशोब पाहिला तर अमेरिकेतल्या इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो मुळातच होता, आणि ह्युंदाई-कियाच्या फक्त २६ टक्के. २०२२ मध्ये टिकटॉकवर व्हिडिओ फिरले: स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, चार्जिंगच्या केबलचं टोक घाला, फिरवा. शहरामागून शहरात पोरं गाड्या नेऊ लागली, फिरवण्यासाठीच, अगदी १९९१ च्या ऑक्सफर्डसारखी. काही पोरं मेलीही. कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिलं, आणि ज्यांना ते बसत नव्हतं त्या मालकांसाठी पोलीस ठाण्यांमार्फत स्टिअरिंगला अडकवायचे लोखंडी दांडे फुकट वाटले.